लोखंडातली उष्णता मोजणारा माणूस: चार्ल्स स्टाइनमेट्झ

विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांच्या वहीत कधी ना कधी एक विचित्र घातांक उतरवला गेलेला असतो: १.६. शिक्षण पुण्यात झालेले असो, सांगलीत असो वा मुंबईत, लोखंडाच्या गाभ्यात वाया जाणारी चुंबकीय ऊर्जा ही चुंबकीय घनतेच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात वाढते, हा नियम परीक्षेपुरता पाठ केला जातो आणि पुढे विस्मृतीत जातो. वर्ग म्हणजे २ का नाही, किंवा सरळ दीड का नाही, असा प्रश्न क्वचितच कुणी विचारतो. तो आकडा कोणत्याही सिद्धांतातून निघालेला नाही. न्यूयॉर्कजवळच्या टोप्यांची यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात, नुकत्याच परदेशातून आलेल्या एका ठेंगण्या, पाठीला कुबड असलेल्या तरुणाने तो मोजून काढला. या आकड्याने विद्युत मोटर बनवण्याच्या उद्योगाला अंदाजाच्या अंधारातून हिशेबाच्या उजेडात आणले.

आज जगात जेवढी वीज वापरली जाते तिच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वीज मोटर आणि त्यांनी चालवलेल्या यंत्रणा खातात. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर, लिफ्ट अशी ती यादी लांबत जाते आणि तिच्यातला फार मोठा वाटा इंडक्शन मोटरचा असतो. या मोटरचा शोध स्टाइनमेट्झ यांनी लावला नाही. तो मान निकोला टेस्ला आणि इटलीचे गॅलिलिओ फेरारिस यांचा. पिंजऱ्यासारखा रोटर असलेली थ्री-फेज मोटर उभी केली ती मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी. स्टाइनमेट्झ यांनी केले ते काम कमी नेत्रदीपक आणि अधिक टिकाऊ होते. मोटरमध्ये शिरलेल्या विजेपैकी किती कामी येते, किती वाया जाते आणि नेमकी कुठे जाते, याची खतावणी कशी मांडावी, हे त्यांनी जगाला शिकवले.

त्यांचा जन्म ९ एप्रिल १८६५ रोजी प्रशियातल्या ब्रेस्लाउ शहरात झाला. आज हे शहर पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे. मूळ नाव कार्ल आउगुस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. वडील रेल्वेच्या शिळाछाप विभागात नोकरीला होते. मूल जेमतेम वर्षाचे असताना आई कॉलऱ्याने गेली आणि पुढचा सांभाळ आजीने केला. पाठीचे कुबड त्यांना वारशाने मिळालेले होते. वडिलांना ते होते, आजोबांनाही होते. पूर्ण वाढ झाल्यावरही त्यांची उंची चार फुटांच्या आसपासच राहिली. शरीराने जे नाकारले ते बुद्धीने भरून काढले, अशा छापाचे वाक्य त्यांच्या चरित्रांत हटकून येते. पण त्या वाक्यात अर्धेच सत्य आहे. शरीराच्या या वारशाने त्यांच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय ठरवला. हे व्यंग आणखी एका पिढीकडे जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न न करण्याचे ठरवले आणि तो निश्चय अखेरपर्यंत पाळला.

ब्रेस्लाउच्या विद्यापीठात त्यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र यांत मन रमवले. विद्यार्थ्यांच्या एका मंडळात त्यांना प्रोटियस हे टोपणनाव मिळाले. ग्रीक पुराणातला प्रोटियस हा समुद्राचा म्हातारा, क्षणाक्षणाला रूप बदलणारा, पण पकडून ठेवणाऱ्याला सर्व गुपिते सांगणारा बहुरूपी. थट्टेने दिलेले हे नाव त्यांनी पुढे अभिमानाने मिरवले. त्याच काळात ते समाजवादी विद्यार्थ्यांच्या संगतीत आले. बिस्मार्कच्या समाजवादविरोधी कायद्यांचे ते दिवस होते. पक्षाची वर्तमानपत्रे बंद पडत होती, संपादक तुरुंगात जात होते आणि अशाच एका वर्तमानपत्राचे काम या तरुणाने अंगावर घेतले. पोलिसांची नजर वळली. १८८८ मध्ये, पदवीचा प्रबंध जवळजवळ तयार असताना, अटक टाळण्यासाठी त्यांना शहर सोडावे लागले. हाती आलेली डॉक्टरेट मागेच राहिली.

काही महिने झ्युरिखला गेले. तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे धडे घेतले. शुद्ध गणितज्ञाचा अभियंता होऊ लागला तो इथे. ऑस्कर आस्मुसेन हा मित्र अमेरिकेला परत निघाला होता. त्याने बोटीचे भाडे देऊ केले आणि १ जून १८८९ रोजी दोघे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. एलिस बेटावरचे प्रसिद्ध केंद्र तेव्हा अस्तित्वात यायचे होते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला असलेल्या कॅसल गार्डन येथे आगंतुकांची तपासणी होई. खालच्या वर्गाने प्रवास केलेला, खिशात पैसा नसलेला, इंग्रजीचे चार शब्दही धड न येणारा आणि शरीराने असा हा माणूस सरकारवर भार होईल, असे अधिकाऱ्यांना वाटले. आस्मुसेनने हमी घेतली, म्हणून त्यांना आत घेण्यात आले. त्या अधिकाऱ्यांना दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढच्या नियमपुस्तकात मेंदू तपासण्याचा रकाना नव्हता, आणि असे रकाने आजच्याही अर्जांत फारसे सापडत नाहीत.

काम मिळाले ते न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, यॉन्कर्स गावी. कारखान्याचे मालक रुडॉल्फ आयकेमायर हे स्वतः १८४८ च्या जर्मन क्रांतीत भाग घेऊन परागंदा झालेले गृहस्थ. नव्या उमेदवाराशी ते जर्मनमध्ये बोलू शकत होते आणि त्याच्या राजकीय इतिहासाचे त्यांना भय वाटण्याचे कारण नव्हते. टोप्या बनवण्याच्या यंत्रांवर त्यांचा व्यवसाय उभा होता. पण त्यांचे लक्ष आता विजेकडे, ट्रामच्या मोटरकडे वळले होते. आठवड्याला १२ डॉलर पगारावर स्टाइनमेट्झ नकाशे काढू लागले. अमेरिकन रीतीला साजेसे नाव हवे म्हणून कार्लचा चार्ल्स झाला. मधली दोन नावे गळाली आणि त्यांच्या जागी ब्रेस्लाउचा प्रोटियस येऊन बसला.

त्या काळी मोटर कशी बनवली जात असे, हे समजून घेतल्याखेरीज पुढच्या कामाचे मोल कळत नाही. टेस्लांची पेटंटे १८८८ ची. कल्पना अद्भुत होती. स्टेटरमधल्या दोन किंवा तीन प्रवाहांनी एक फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण व्हायचे आणि त्या क्षेत्रामागे रोटर ओढला जायचा. ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, फिरत्या भागाला वीज नेणारी तार नाही. पण कल्पनेपासून कारखान्यापर्यंतची वाट खडतर होती. एकदिश प्रवाहाच्या यंत्रांसाठी बसलेले अडाखे इथे फोल ठरत. मोटर बांधायची, चालवायची, ती तापून वास येऊ लागला की मोडायची आणि गाभ्यात लोखंड वाढवून किंवा तारेची जाडी बदलून पुन्हा बांधायची, असा उद्योग चाले. अमेरिकेत प्रत्यावर्ती वीज तेव्हा मुख्यतः दिव्यांसाठी होती आणि तिची वारंवारता सेकंदाला १२५ ते १३३ आवर्तने इतकी मोठी होती. दिव्यांना त्याचे काही नव्हते. मोटरच्या लोखंडाला मात्र होते.

लोखंडात उष्णता का निर्माण होते? चुंबकनाची दिशा बदलली की लोखंडातल्या सूक्ष्म चुंबकीय विभागांना फिरावे लागते आणि ते सहजासहजी फिरत नाहीत. बाहेरचे क्षेत्र शून्यावर आले तरी थोडे चुंबकत्व मागे रेंगाळते. ते पुसण्यासाठी उलट दिशेने जोर लावावा लागतो. या रेंगाळण्याला जेम्स युइंग यांनी हिस्टेरिसिस हे नाव दिले होते. मराठी परिभाषेत त्याला मंदायन म्हणतात. प्रत्येक आवर्तनात हे मागेपुढे होणे एकदा घडते आणि त्यासाठी खर्चलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. वारंवारता जितकी जास्त तितका हा तोटा अधिक. शिवाय लोखंड हे स्वतः वीजवाहक असल्यामुळे त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तेही ते तापवतात; गाभा अखंड न ठेवता पातळ पत्र्यांच्या थप्पीचा करतात तो यासाठीच.

आयकेमायर यांच्याकडे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी मोटर आखण्याचे काम स्टाइनमेट्झ यांच्यापुढे आले तेव्हा त्यांना यंत्र बांधण्यापूर्वीच हा तोटा किती होईल हे जाणून घ्यायचे होते. सूत्र कुठेच नव्हते. त्यांनी प्रथम युइंग यांची प्रसिद्ध मोजमापे घेतली, त्यांत दडलेला नियम शोधला आणि १८९० मध्ये एका टिपणात तो मांडला. परंतु दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबून राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कारखान्यातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्यांनी नाना प्रकारचे लोखंड आणि पोलाद घेतले, चुंबकनाची तीव्रता टप्प्याटप्प्याने वाढवली आणि प्रत्येक वेळी वाया गेलेली ऊर्जा नोंदवली. पदार्थ बदलला की एक स्थिरांक बदलत होता, घातांक मात्र जवळजवळ तोच राहत होता. १९ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनियर्ससमोर त्यांनी या नियमावरचा प्रदीर्घ निबंध मांडला. वय २६, अमेरिकेत येऊन अडीच वर्षे.

या नियमाचा व्यावहारिक अर्थ असा. चुंबकीय घनता दुप्पट केली तर हा तोटा दुपटीवर थांबत नाही, चौपटही होत नाही. तो साधारण तिप्पट होतो. उलट लोखंड वाढवून घनता अर्ध्यावर आणली, तर दर किलोमागचा तोटा एक तृतीयांशावर येतो. मात्र लोखंडाचे वजन आणि किंमत वाढते, आणि वाढलेल्या लोखंडाभोवती तारही अधिक लागते. म्हणजे चांगली मोटर आणि स्वस्त मोटर यांच्यातला फरक हा कारागिराच्या हातगुणाचा न राहता कागदावर सोडवता येणारा सौदा झाला. आज एखादा कारखानदार जास्त कार्यक्षमतेच्या मोटरसाठी चढी किंमत मोजावी की नाही याचा विचार करतो, तेव्हा तो याच सौद्याची पुढची ओळ वाचत असतो. सतत चालणाऱ्या मोटरच्या बाबतीत तिची खरेदीची किंमत ही तिच्या आयुष्यातल्या वीजबिलांपुढे किरकोळ असते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती; फक्त सिद्ध करता येत नव्हती.

निबंधाची कीर्ती पसरली. १८९२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची नजर यॉन्कर्सकडे वळली. आयकेमायर यांना सोडून जाण्यास स्टाइनमेट्झ तयार नव्हते, म्हणून कंपनीने सगळा कारखानाच विकत घेतला, असे सांगतात. कारखान्याबरोबर मोलाची पेटंटेही येत होती, तेव्हा केवळ एका माणसासाठी हा व्यवहार झाला असे म्हणणे थोडे अतिरंजित ठरेल. पण त्या व्यवहारातली सर्वांत टिकाऊ वस्तू तोच माणूस होता, यात शंका नाही. काही काळ मॅसॅच्युसेट्समधल्या लिन येथे आणि १८९४ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी येथे ते स्थिरावले, ते अखेरपर्यंत.

दरम्यान १८९३ च्या ऑगस्टमध्ये, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली होती. तिथे त्यांनी दुसरी मोठी देणगी दिली. प्रत्यावर्ती प्रवाहाचा हिशेब तोवर कलनगणिताच्या जंजाळात अडकलेला होता. विद्युतदाब आणि प्रवाह सतत बदलणारे, आणि दोघांच्या चढउतारांच्या वेळाही वेगळ्या. स्टाइनमेट्झ यांनी सुचवले की प्रत्येक राशी सदसत् संख्येने, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाला सोबत घेणाऱ्या संख्येने दाखवावी. मग बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार एवढ्यानेच काम भागते. आर्थर केनेली हेही त्याच सुमारास याच दिशेने विचार करत होते. पण पद्धत म्हणून ती सर्वत्र रुजवली स्टाइनमेट्झ यांनी. गणितज्ञांच्या जगात ज्या संख्यांना काल्पनिक म्हणत, त्या आता कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तारेची जाडी ठरवू लागल्या. सुरुवातीला श्रोत्यांपैकी फार थोड्यांना ते समजले. म्हणून त्यांनी पुस्तके लिहिली. पहिले मोठे पुस्तक १८९७ मध्ये, सहकारी अर्न्स्ट बर्ग यांच्यासह, प्रसिद्ध झाले. तेही अवघड वाटले, तेव्हा त्याच्या पायऱ्या सोप्या करणारी आणखी पुस्तके लिहिली. हा मास्तरी चिवटपणा त्यांच्या प्रतिभेइतकाच महत्त्वाचा होता.

या दोन्ही साधनांचा संगम इंडक्शन मोटरवरच्या त्यांच्या कामात झाला. १८९७ मध्ये त्याच संस्थेपुढे त्यांनी या मोटरचा सिद्धांत मांडला. त्यांची दृष्टी विलक्षण साधी होती. इंडक्शन मोटर म्हणजे फिरणाऱ्या दुय्यम वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर. स्टेटर हे प्राथमिक वाइंडिंग, रोटर हे दुय्यम, मध्ये हवेची फट. रोटर चुंबकीय क्षेत्राच्या वेगापेक्षा किंचित मागे राहतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात, आणि ती नसेल तर रोटरमध्ये वीजच निर्माण होणार नाही. स्टाइनमेट्झ यांनी सगळ्या फिरत्या यंत्राच्या जागी कागदावर एक स्थिर मंडल काढले, ज्यात यांत्रिक भार हा स्लिपवर अवलंबून असलेल्या एका रोधाच्या रूपाने दिसतो. आजही हे समतुल्य मंडल त्यांच्याच नावाने शिकवले जाते.

त्या मंडलात मोटरचा सगळा जमाखर्च उघडा पडतो. स्टेटरच्या तांब्यातला तोटा, लोखंडातला तोटा, रोटरमधला तोटा असे वेगवेगळे रकाने तयार होतात. हवेची फट ओलांडून रोटरला मिळालेल्या शक्तीपैकी स्लिपच्या प्रमाणात वाटा रोटरमध्येच उष्णता होऊन जातो. म्हणजे ५ टक्के स्लिपने चालणाऱ्या मोटरची कार्यक्षमता, बाकी सर्व निर्दोष असले तरी, ९५ टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. ती वाढवायची तर रोटरच्या कांड्यांचा रोध कमी करायचा. पण रोध फार कमी केला की सुरू होतानाचा जोर घटतो. हवेची फट रुंद ठेवली तर चुंबकनासाठी प्रवाह जास्त लागतो आणि शक्तिगुणक घसरतो. फार अरुंद ठेवली तर रोटर घासण्याचे भय. अशा प्रत्येक ओढाताणीला आता आकडा मिळाला. आणखी सोय अशी की पूर्ण भार लावून मोटर तपासण्याची गरज उरली नाही. एकदा बिनभाराची चाचणी आणि एकदा रोटर रोखून धरून केलेली चाचणी, एवढ्यावरून कोणत्याही भारावरची कार्यक्षमता मांडता येऊ लागली. युरोपात आलेक्झांडर हाइलँड यांनी वर्तुळाच्या आकृतीने हेच साधले होते; पण पत्र्याची जाडी किंवा कांडीचा धातू बदलला तर काय होईल, हे विचारायला बीजगणित अधिक सोयीचे होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिलिकॉन मिसळलेले पोलाद बाजारात आले. इंग्लंडच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांच्या संशोधनातून आलेल्या या पोलादाने मंदायनाचा तोटा कमी झाला आणि भोवरा प्रवाहांनाही आळा बसला. स्टाइनमेट्झ यांच्या सूत्रातला स्थिरांक लहान झाला, इतकेच कागदावर दिसते. कारखान्यांत मात्र त्याचा अर्थ थंड मोटर आणि कमी कोळसा असा होता.

त्यांच्या नावाची आणखी एक युक्ती आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. थ्री-फेज मोटर सिंगल फेज विजेवर चालवायची असेल तर योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडून तिसऱ्या फेजची उणीव काही अंशी भरून काढता येते. जर्मन अभियंते तिला आजही स्टाइनमेट्झ जोडणी म्हणतात. भारतातल्या खेड्यांत, थ्री-फेज वीज नसलेल्या तासांत कंडेन्सर लावून विहिरीवरचा पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तत्त्व तेच. फरक एवढा की अशा जोडणीत मोटरकडून पूर्ण शक्ती मागायची नसते. मागितली की प्रवाह असमतोल होतात, कार्यक्षमता कोसळते आणि वाइंडिंग जळते. मोटर पुन्हा भरून देणाऱ्या कारागिरांचा धंदा त्यावर चांगला चालतो.

स्केनेक्टडीत त्यांची ख्याती दंतकथेसारखी वाढत गेली. कंपनीने १९०० मध्ये स्थापन केलेल्या संशोधन प्रयोगशाळेमागे त्यांचा आग्रह होता, आणि तिची सुरुवात झाली ती त्यांच्या घरामागच्या कोठारात. १९०१-०२ मध्ये ते विद्युत अभियंत्यांच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले, जिच्यासमोर दहा वर्षांपूर्वी त्यांनी मंदायनाचा नियम मांडला होता. हार्वर्डने मानद पदवी दिली. जवळच्या युनियन कॉलेजने डॉक्टरेट दिली, ब्रेस्लाउला सुटलेली. तिथे ते प्राध्यापकही झाले. घरी निवडुंग, ऑर्किड, सुसरी आणि विषारी सरडे यांचा संसार होता. शनिवारी पत्त्यांचा अड्डा जमे. त्याला त्यांनी अभियंत्यांच्या पगारांचे समानीकरण करणारी संस्था असे भारदस्त नाव दिले होते. मोहॉक नदीच्या एका ओढ्याकाठी त्यांनी लाकडी झोपडी बांधली होती. होडीत आडवी फळी टाकून, प्रवाहाबरोबर तरंगत, ते तासन् तास आकडेमोड करत.

लग्न न करणाऱ्या या माणसाला घर मात्र हवे होते. लेरॉय हेडन हा त्यांचा तरुण सहायक. त्याचे लग्न झाल्यावर स्टाइनमेट्झ यांनी त्या दांपत्याला आपल्याच प्रशस्त घरात राहायला बोलावले आणि पुढे हेडन यांना रीतसर दत्तक घेतले. त्यांची तीन मुले ही स्टाइनमेट्झ यांची नातवंडे. जेवणाच्या वेळा हेडन यांच्या पत्नीने ठरवायच्या आणि संशोधकाने त्या पाळायच्या, असा घरातला शिरस्ता होता. तो बहुधा मोडत असे.

ब्रेस्लाउचा समाजवाद त्यांनी टाकला नव्हता. स्केनेक्टडीत १९११ मध्ये समाजवादी नगराध्यक्ष निवडून आला, तेव्हा स्टाइनमेट्झ यांनी शिक्षण मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. शाळांत मुलांना बसायला जागा पुरत नव्हती. नव्या खोल्या, पाठ्यपुस्तके आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी वेगळे वर्ग या गोष्टींकडे त्यांनी लक्ष घातले. पुढे ते नगरपरिषदेवरही निवडून आले. एका महाकाय कंपनीचा सर्वांत नावाजलेला शास्त्रज्ञ भांडवलशाहीचा अंत यावा म्हणतो, ही विसंगती टीकाकारांनी वारंवार दाखवली. त्यांचे उत्तर १९१६ च्या पुस्तकात सापडते: मोठ्या कंपन्यांची कार्यक्षम संघटना हीच उद्याच्या सहकारी समाजाची चौकट होईल, असे त्यांना वाटत होते. इतिहासाने ही आशा खरी ठरवली नाही. आणि कार्यक्षमता वाढली की न्याय आपोआप येईल, हा त्यांच्या विचारातला दुवा कच्चाच होता. पण माणसांच्या श्रमाची नासाडी आणि लोखंडातली उष्णता या दोन्ही गोष्टींनी त्यांना सारखीच चीड येई, हे मात्र त्यांच्या लेखनातून स्पष्ट दिसते.

१९१८ मधला त्यांचा एक निबंध आज विशेष वाचण्यासारखा आहे. अमेरिकेच्या ऊर्जेच्या साठ्याचा तो हिशेब. देशातल्या सगळ्या वाहत्या पाण्यापासून जास्तीत जास्त किती शक्ती मिळेल, हे त्यांनी मांडले, आणि निष्कर्ष असा की ती सगळी मिळाली तरी तेव्हा वापरात असलेल्या इंधनाच्या ऊर्जेइतकीच भरते. म्हणजे धरणे बांधून कोळशापासून सुटका होईल, ही समजूत खोटी. मग त्यांनी पुढचा प्रश्न घेतला: मोठी धरणे थोडीच, पण लहान ओढे हजारो, त्यांची वीज स्वस्तात कशी गोळा करायची? उत्तर होते इंडक्शन मोटरच, उलटी चालवलेली. क्षेत्राच्या वेगापेक्षा जास्त वेगाने रोटर फिरवला की तीच मोटर जनित्र होते. तिला वेगनियंत्रक नको, राखणीला माणूस नको. वारंवारता आणि दाब सांभाळण्याचे काम दूरच्या मोठ्या केंद्राने करावे आणि या छोट्या यंत्रांनी नुसती वीज ओतावी. जशी वीज वाटतो तशीच ती गोळाही करावी, असा त्यांचा आग्रह. परिशिष्टात ते आणखी पुढे गेले. इमारती आणि कारखाने तापवण्यासाठी बॉयलरमधून वाफ थेट नेली जाते. वाटेत एक साधी टर्बाइन आणि इंडक्शन जनित्र बसवले, तर लाखो किलोवॉट वीज मिळेल आणि उरलेली वाफ तापवण्याचे काम करीलच. आज ज्याला को-जनरेशन म्हणतात ते हेच. डेन्मार्कच्या सुरुवातीच्या पवनचक्क्यांनी विजेच्या जाळ्याला वीज ओतली तीही अशाच इंडक्शन जनित्रांतून, निबंधानंतर काही दशकांनी. १९१८ मध्ये मात्र कोळसा स्वस्त होता आणि निबंध कपाटात गेला.

लोकांना त्यांचे आठवते ते वेगळेच. १९२० मध्ये ओढ्याकाठच्या झोपडीवर वीज पडली. फुटलेल्या आरशाचे तुकडे त्यांनी जुळवून विजेची वाट अभ्यासली, आणि १९२२ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवली. वर्तमानपत्रांना मेजवानीच मिळाली. वीजवाहक तारांचे तडाख्यांपासून रक्षण करणे हा त्या प्रयोगांचा खरा हेतू बातम्यांच्या शेवटच्या परिच्छेदात राहिला. त्याच वर्षी त्यांनी रशियाच्या विद्युतीकरणाला मदत देऊ करणारे पत्र लेनिन यांना लिहिले आणि लेनिन यांनी त्यास उत्तर दिले. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात यंत्रावर खडूची एक खूण करून दहा हजार डॉलरचे बिल पाठवल्याची, आणि त्यातला एक डॉलर खुणेचा व बाकीचे खूण कुठे करायची हे जाणण्याचे असल्याची कथा तर अजून समाजमाध्यमांत फिरते. कथा झकास आहे. तिला भक्कम पुरावा नाही.

१९२३ च्या शरदात हेडन कुटुंबासह पश्चिम किनाऱ्याचा लांबचा प्रवास करून ते थकून परतले. २६ ऑक्टोबरच्या सकाळी, राहत्या घरी, हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. वय ५८. दोनशेच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर होती. स्केनेक्टडीच्या व्हेल दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. वेंडेल अॅव्हेन्यूवरचे घर पुढे पाडले गेले. ओढ्याकाठची झोपडी मात्र हेन्री फोर्ड यांनी उचलून डिअरबॉर्नच्या आपल्या संग्रहालयात नेली आणि ती तिथे उभी आहे. त्यांची १९१४ सालची विजेवर चालणारी मोटारगाडी युनियन कॉलेजने जपली आहे.

१.६ या घातांकाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. आधुनिक पोलादात चुंबकीय घनता त्यांच्या काळापेक्षा बरीच जास्त ठेवली जाते आणि तिथे घातांक वाढत जाऊन २ च्याही पुढे सरकतो. अभियंते आता वारंवारतेला आणि घनतेला वेगवेगळे घातांक देतात, ते मोजमापांवरून बसवतात, आणि त्या समीकरणाला स्टाइनमेट्झ समीकरणच म्हणतात. अमेरिकेने १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्याने औद्योगिक मोटरसाठी किमान कार्यक्षमता ठरवून दिली आणि १९९७ पासून ती लागू झाली. यॉन्कर्सच्या प्रयोगशाळेत ज्या तोट्याला प्रथम आकडा मिळाला, त्याची मर्यादा कायद्याने बांधली जायला एका शतकाहून अधिक काळ लागला.